कुंडीतली मिरची: ऊन सढळ, पाण्याचा हात आखडता

उन्हाळ्यात मसाल्याच्या मिरच्यांची देठं खुडून झाली की खाली अंथरलेल्या कापडावर बियांचा थर उरतो. बहुतेक घरांत तो झाडून टाकतात. काही घरांत चिमूटभर बिया रिकाम्या कुंडीत भिरकावल्या जातात. आठ-दहा दिवसांत रोपं दाटीवाटीनं उगवतात, घरभर कौतुक होतं, आणि पुढच्या पंधरवड्यात त्यांतली निम्मी माना टाकतात. उरलेली उंच, बारीक होऊन ग्रिलला टेकून उभी राहतात आणि मिरची काही धरत नाहीत. मग ‘आमच्या बाल्कनीला मिरची मानवत नाही’ असं ठरून जातं.

मानवते. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात गोव्याच्या किनाऱ्याला लागलेलं हे झाड उष्ण मुलखातलं आहे आणि आपल्याकडची हवा त्याला वर्षातले बहुतेक महिने पसंत पडते. त्याच्या मागण्या दोनच: माती उबदार हवी आणि मुळांशी हवा खेळती हवी. शहरातल्या घरात नेमकं उलट होतं. ऊन मिळतं तासभर आणि पाणी मिळतं दोन वेळा. कुंडीतल्या मिरचीची बहुतेक दुखणी या एका उलट्या हिशेबातून येतात, आणि त्यांतली निम्मी पहिल्या महिन्यातच सुरू होतात. म्हणून या लेखात बी, रुजवण आणि कोवळी रोपं यांवर जास्त बोलणार आहे. खतांवर फारसं नाही. त्यावर सांगणारे पुष्कळ आहेत.

बी कुठलं घ्यायचं

भाजीबाजारातली हिरवी मिरची चिरून तिच्या बिया लावू नका. हिरव्या फळातलं बी अजून पोसलेलं नसतं. उगवलंच तर एखादं, आणि तेही दुबळं. फळ झाडावरच पूर्ण लाल झालं की बी पक्व होतं. शिवाय बाजारात येणारी बरीचशी हिरवी मिरची संकरित वाणांची असते. तिच्या बियांपासून झाड येतं, पण ते आईसारखं येईलच असं नाही. कुणाची मिरची लांब निघते, कुणाची बुटकी, कुणाची बेचव. गंमत म्हणून लावायला हरकत नाही, भरवसा मात्र ठेवू नये.

वाळलेल्या लाल मिरचीचं बी हा घरगुती बागेसाठी सोपा आणि बहुतेक वेळा फुकटचा मार्ग आहे. फक्त मिरची त्याच वर्षीची, उन्हात वाळलेली हवी. तेलावर परतलेल्या किंवा भाजलेल्या मिरचीचं बी मेलेलं असतं, हे सांगायला नको. तरी मसाला करताना कढईच्या तळाशी उरलेल्या बिया लावून बघणारे हौशी लोक आहेत. चांगलं बी फिकट पिवळं, चपटं आणि घट्ट असतं. तपकिरी, काळपट, सुरकुतलेलं बी बाजूला करा. बी पाण्यात टाकायचं आणि तरंगलं तर फेकायचं, ही चाचणी मिरचीला सरसकट लावू नये. कोरडं बी हलकं असतं, चांगलं बीसुद्धा सुरुवातीला तरंगतं. रात्रभर भिजल्यावरही जे वर राहील, त्याच्याबद्दल शंका घ्या.

कोणत्या जातीचं बी, हे तुमच्या स्वयंपाकघरावर ठरवा. रंगासाठी ब्याडगी: कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावावरून ओळखली जाणारी ही मिरची गर्द लाल, सुरकुतलेली आणि तिखटाला बेताची असते. तिला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालं. गडहिंग्लजच्या बाजारात नावाजलेली संकेश्वरी लांब, सडपातळ आणि झणझणीत. कोल्हापुरी चटणीला तीच लागते असं म्हणणाऱ्यांशी वाद घालू नये. पण संकेश्वरी वेळखाऊ आहे, कुंडीत तिची वाट पाहावी लागते. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीलाही मानांकन आहे, तसंच गोव्यातल्या काणकोण तालुक्यातल्या खोला मिरचीला, २०१९ पासून. या भागांत जाणं झालं तर शोभेच्या वस्तूंऐवजी पावशेर वाळकी मिरची आणा: भाजीला मिरची, कुंडीला बी.

पहिल्यांदाच लावणाऱ्याला मात्र मी ‘पुसा ज्वाला’ सुचवेन. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं काढलेला हा जुना सरळ वाण आहे. झाड बुटकं आणि झुडपासारखं पसरणारं, फळं लांब, फिकट हिरवी, किंचित वळलेली. कुंडीला हा बांधा सोयीचा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘फुले ज्योती’ झुबक्यानं मिरच्या देते, दिसतेही देखणी. कोकणातल्या वाचकांनी दापोलीच्या विद्यापीठाची ‘कोकण कीर्ती’ मिळते का पाहावं. कृषी विद्यापीठांच्या बियाणे विक्री केंद्रांत अशी पाकिटं स्वस्तात मिळतात. पाकिटावर तारीख बघा. मिरचीचं बी कोरड्या, थंड जागी दोन-तीन वर्षं टिकतं, पण दर वर्षी त्याचा जोम घटतो. पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळं असेल तर त्यावर बुरशीनाशकाचा लेप आहे असं समजा. ते हाताळून झाल्यावर हात धुवा आणि उरलेलं पाकीट मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा.

पुढच्या वर्षासाठी बी घरचंच धरायचं असेल तर एक गोष्ट ध्यानात घ्या. मिरचीचं फूल स्वतःच स्वतःला फळवतं, पण मधमाश्या आणि इतर कीटक एका झाडाचे पराग दुसऱ्यावर सहज नेतात. ढोबळी मिरची आणि लवंगी शेजारी शेजारी असतील तर ‘ढोबळी तिखट झाली’ अशी तक्रार ऐकू येते. त्या हंगामाची ढोबळी तिखट होत नाही. फळ आईच्या वाणाप्रमाणेच येतं; सरमिसळ होते ती बियात, आणि दिसते पुढच्या पिढीत. म्हणून बियासाठी एकच जात ठेवा. नाहीतर निरोगी झाडाची एखादी फांदी कळी उमलण्याआधी पातळ मलमलच्या पिशवीत बांधा, आत फळ धरलं की पिशवी काढा आणि त्या फळाच्या देठाला दोरा बांधून खूण करा. फळ झाडावर पूर्ण लाल होऊन सुरकुतायला लागलं की तोडा, सावलीत वाळवा, बी काढून कागदाच्या पुडीत घाला, वर जात आणि वर्ष लिहा आणि ती पुडी घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. बी काढताना हातमोजे घाला. नसतील तर बोटांना तेल चोळा आणि नंतर साबणानं दोनदा हात धुवा. हात धुतलेत याची खात्री असली तरी दोन तास डोळ्यांकडे नेऊ नका.

कधी पेरायचं

शेतात मिरचीची रोपं खरिपासाठी मे-जूनमध्ये, रब्बीसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि उन्हाळी पिकासाठी जानेवारीच्या आसपास तयार करतात. कुंडीवाल्याला एवढं बंधन नाही, पण मिरचीच्या बियाला मातीची ऊब २५ ते ३० अंश सेल्सिअस लागते, हे विसरून चालत नाही. या उबेत ७ ते १२ दिवसांत कोंब दिसतात. २० अंशांच्या आसपास तीच गोष्ट तीन आठवडे घेते आणि १५ अंशांखाली बी नुसतं पडून राहतं, कधी कुजतं. नाशिक-पुण्याकडे डिसेंबरात पेरलेलं बी उगवत नाही तेव्हा दोष बियाचा नसतो, रात्रीच्या गारठ्याचा असतो.

मुंबई आणि कोकणपट्टीत पावसाळ्याच्या मध्यावर उघड्यावर पेरू नये. दमट हवेत कोवळी रोपं बुरशीनं जातात. तिथे सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबर हा उत्तम काळ, किंवा मग मे महिन्यात छपराखाली. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेच्या उन्हात रोपं करण्याचा हट्ट धरू नका. जूनमध्ये हवा निवळू द्या. सातारा-कोल्हापूरकडे जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारी चांगला, कारण रोप मोठं होईपर्यंत ऊन वाढत जातं.

परदेशातल्या, विशेषतः इंग्लंड-कॅनडाकडच्या मराठी घरांना गणित उलटं मांडावं लागतं. तिथे उबदार दिवस मोजके, म्हणून बी फेब्रुवारी-मार्चमध्येच घरात, हीटरजवळच्या उबेत रुजवून घ्यायचं आणि हिमकणांची भीती संपल्यावर, रात्रीचं तापमान १० ते १२ अंशांच्या वर टिकायला लागलं की बाहेर काढायचं. एप्रिलमध्ये पेरणाऱ्याची मिरची लाल व्हायच्या आत थंडी येते.

रुजवण

बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. यापेक्षा जास्त वेळ नको. दोन-दोन दिवस भिजवून बी गुदमरतं. मोठ्या रोपवाटिकांत पेरणीआधी बियाला ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी चोळतात, किलोला ५ ग्रॅम या मापानं. घरी वीस-तीस बियांसाठी चिमूटभर भुकटी पुरते, ओलसर बिया तिच्यात घोळवायच्या. कृषी सेवा केंद्रात तिचं छोटं पाकीट मिळतं आणि मिरचीसाठी विकत घ्यायची एकच गोष्ट निवडायला सांगितली तर मी हीच निवडेन.

पेरायला प्रो-ट्रे, म्हणजे रोपं करायचा खणांचा ट्रे, असेल तर उत्तम. नसेल तर दही किंवा आइस्क्रीमचे कप, तळाला तीन-चार भोकं पाडून. अंड्याच्या टरफलात बी लावण्याचे व्हिडिओ छान दिसतात, पण टरफलात माती मावते चमचाभर. ती सकाळी चिखल असते आणि दुपारी खडखडीत कोरडी. अंड्यांच्या कागदी ट्रेचंही तसंच. कपात आधी कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत सारख्या भागानं घ्या. कोकोपीटची वीट पाण्यात फुगवल्यावर ते पाणी पिळून टाका आणि पुन्हा एकदा स्वच्छ पाण्यानं धुवा. काही विटांत क्षार बरेच असतात आणि कोवळ्या मुळांना ते चटका देतात. बागेतली नुसती काळी माती रुजवणीला वापरू नये. ती पाणी धरून बसते, वाळली की तडकते आणि तडकताना मुळं तोडते. कोकणातली तांबडी मातीही एकटी वापरली तर वर कडक पापुद्रा धरते.

बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल, एका कपात दोन. वरून हलकं कोकोपीट पसरा आणि झारीनं किंवा फवाऱ्यानं एकदाच नीट भिजवा, खालच्या भोकातून थेंब यायला लागेपर्यंत. मग वर प्लॅस्टिकची पिशवी किंवा झाकण. उगवायला मिरचीला उजेड लागत नाही, ऊब लागते. त्यामुळे कप ओट्याजवळच्या फळीवर ठेवले तरी चालतात. या काळात रोज पाणी घालू नका. झाकणाखाली ओल टिकते. वरचा थर फिकट, कोरडा दिसला तरच फवारा.

पहिला कोंब दिसला की मात्र त्याच दिवशी झाकण काढा आणि कप उजेडात आणा. इथे एक दिवसाची दिरंगाईसुद्धा महागात पडते. अंधारात उगवलेलं रोप उजेड शोधत ताणत जातं आणि एकदा लांबुळकं झालं की ते पुन्हा आखूड होत नाही. पूर्वेची खिडकी, किंवा सकाळचं दोन-तीन तासांचं कोवळं ऊन आणि नंतर भरपूर उजेड अशी जागा बघा. रोप एका बाजूला झुकत असेल तर कप रोज फिरवा. मधूनमधून तळहात रोपांच्या शेंड्यांवरून हलकेच फिरवला किंवा पंख्याचा मंद वारा लागू दिला तर खोड जाड होतं. काही रोपांच्या डोक्यावर बियाची साल टोपीसारखी अडकून राहते. ती ओढू नका, बीजपत्रं तुटतात. टोपीवर पाण्याचा थेंब ठेवा, संध्याकाळपर्यंत ती सैल होते.

आता कोलमडण्याबद्दल. काल ताठ असलेलं रोप आज मातीच्या पातळीला आडवं पडतं. जवळून पाहिलं तर खोडाचा तळ दोरा बांधल्यासारखा आवळलेला, तपकिरी दिसतो. शेतकरी याला मर म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया अशा मातीतल्या बुरश्या याचं कारण, आणि त्यांना आमंत्रण देतो आपणच: जास्त पाणी, दाट पेरणी, बंद हवा, न कुजलेलं शेणखत. पडलेलं रोप वाचत नाही. ते मातीसकट काढा, बाकीच्या कपांना दोन दिवस पाणी देऊ नका, हवा खेळू द्या आणि लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा मिसळून थोडं थोडं घाला. पुढचं पाणी कप थाळीत ठेवून खालून पाजा, म्हणजे वरचा थर कोरडा राहतो. रोपं पडताना दिसली की माणसं घाबरून आणखी पाणी घालतात, कारण मान टाकलेलं झाड तहानलेलं वाटतं. मिरचीच्या बाबतीत हा समज निम्म्याहून जास्त वेळा खोटा ठरतो. आधी बोट मातीत घाला. पेरभर खाली ओल लागली तर झारी परत ठेवा.

खऱ्या पानांची पहिली जोडी आली की कपात दोनपैकी सशक्त रोप ठेवा. दुसरं उपटू नका, कात्रीनं तळाशी कापा. उपटताना शेजाऱ्याची मुळं हलतात. जीव होत नाही म्हणून दोन्ही ठेवणारे पुष्कळ. त्यांच्याकडे दोन्ही झाडं किरकोळ राहतात.

कुंडी, पाणी, फूल

पेरणीपासून पाच-सहा आठवड्यांनी रोप वीतभर होतं, सहा-आठ पानं धरतं. मोठ्या कुंडीत जाण्याआधी त्याला आठवडाभर उन्हाची सवय करा: पहिल्या दिवशी तासभर, मग वाढवत न्या. घरातल्या उजेडातून एकदम गच्चीवरच्या उन्हात नेलेल्या रोपाची पानं भाजून पांढरी पडतात.

कुंडी १० ते १२ इंचांची, एका झाडाला एक. माती, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट अंदाजे सारख्या भागानं, त्यात मूठभर निंबोळी पेंड. तळाची भोकं मोकळी हवीत. कुंडीखाली पाणी साठणारी थाळी ठेवायची असेल तर ती रोज रिकामी करा. लावणी संध्याकाळी करा, रोप बीजपत्रांपर्यंत मातीत जाऊ द्या आणि मुळांचा गड्डा फोडू नका. गच्चीवर ठेवणार असाल तर कुंडी दोन विटांवर ठेवा. एप्रिलमध्ये स्लॅब इतका तापतो की काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीतली मुळं खालून आणि बाजूंनी अक्षरशः शिजतात. वर वाळक्या पाल्याचा किंवा नारळाच्या शेंड्यांचा दोन इंचांचा थर द्या.

ऊन किमान पाच-सहा तास. चार तासांच्या उन्हात झाड हिरवंगार दिसेल, पण मिरच्या मोजक्याच लागतील. एवढंच ऊन असेल तर बारीक फळांची जात निवडा. ढोबळीच्या नादी लागू नका.

पाण्याचं वेळापत्रक कुणालाही देता येत नाही. मे महिन्यात मराठवाड्यातल्या गच्चीवर रोज लागेल, ऑगस्टात रत्नागिरीच्या ओसरीवर आठवडाभर लागणार नाही. भर दुपारी पानं मलूल होणं साहजिक आहे. संध्याकाळी आपोआप सावरली तर पाणी नको. सकाळीच मलूल असतील तर द्या, आणि देताना कुंडी भिजेल इतकं द्या. रोज कपभर शिंपडून वरची बोटभर माती ओली ठेवणं सगळ्यात वाईट, मुळं वरच घुटमळत राहतात. कोरडं पडू द्यायचं, मग एकदम धो धो ओतायचं, या झटक्यांनी फळाच्या टोकाला काळपट खोलगट डाग पडतो. चुना कमी पडल्यामुळे हे होतं हे खरं, पण चुना मातीत असूनही पाण्याच्या अनियमितपणामुळे तो फळापर्यंत पोहोचत नाही. अंड्याच्या टरफलांचा चुरा घालून त्या हंगामात फरक पडत नाही, तो कुजायलाच महिने घेतो.

खत थोडक्यात: दर पंधरा-वीस दिवसांनी मूठभर गांडूळखत, माती हलवून. फुलं येईपर्यंत पेंड चालते, नंतर नत्राचा मारा थांबवा. पालेदार, गडद हिरवं, कमरेएवढं झाड आणि फूल एकही नाही, अशी तक्रार आली की मी आधी विचारतो, युरिया किती घातलात? साखर-दुधाच्या चहाचा चोथा कुंडीत टाकणं बंद करा. त्यातून मुंग्या आणि चिलटं येतात.

झाड वीत-दीड वीत झाल्यावर शेंडा खुडला तर बाजूच्या फांद्या फुटतात. पहिल्या बेचक्यातली पहिली दोन-तीन फुलंही काढून टाका. झाड आधी अंगानं भरू द्या. लावणीनंतर दीड महिन्याच्या आसपास फुलांचा बहर येतो. त्या वेळी निम्मी फुलं गळतात, आणि ती गळणारच. पण दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या पुढे गेलं, रात्र उकाड्याची असली किंवा थंडीत पारा १५ खाली उतरला तर जवळजवळ सगळीच गळतात. औषध शोधत फिरू नका. उन्हाळ्यात दुपारी हिरव्या जाळीची सावली करा आणि हवा बदलण्याची वाट बघा. सातव्या मजल्यावर कीटक फिरकत नसतील तर सकाळी नऊ-दहाच्या सुमारास फांदीला हलकी टिचकी मारा, पराग जागच्या जागी पडतो.

पानं वळली की

मिरची लावणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी चुरडा-मुरडा भेटतो. पानं आक्रसतात, बारीक होतात, झाडाची वाढ थांबते. खेड्यात याला बोकड्याही म्हणतात. इथे घाईघाईनं एकच औषध मारणं चुकीचं, कारण एकाच लक्षणामागे तीन वेगळे अपराधी असतात आणि त्यांना ओळखायची खूण पानातच आहे.

पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून होडीसारखा आकार आला असेल तर फुलकिडे. पांढऱ्या कागदावर शेंडा झटकून बघा, तिळापेक्षा बारीक, पिवळसर, सरपटणारे जीव दिसतील. कोरड्या, गरम हवेत ते वाढतात. कडा खालच्या बाजूला वळल्या, पान अरुंद होऊन देठ लांबला आणि खालची बाजू तांबूस, चकाकणारी दिसली तर कोळी. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, भिंग लागतं. आणि पानं पिवळट, शिरा जाड, शेंडा झुबक्यासारखा गोळा झालेला, झाड खुरटं, शिवाय पानाखालून पांढऱ्या माश्या उडत असतील तर विषाणू.

फुलकिड्यांना आणि पांढऱ्या माशीला पहिला उपाय पाण्याचा जोरदार फवारा, पानांच्या खालच्या बाजूनं, दोन-तीन दिवस सकाळी. त्यानंतर निंबोळी अर्क: निंबोळ्यांची ५० ग्रॅम भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, त्यात चिमूटभर साबणाचा चुरा विरघळवा आणि त्याच संध्याकाळी फवारा. निंबोळ्या नसतील तर लिटरला ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि काही थेंब पातळ साबण. फवारणी उन्हात करू नका, पानं करपतात. आठवड्यानं पुन्हा, असं तीनदा. एकदा फवारून ‘काही उपयोग झाला नाही’ म्हणणाऱ्यांनी अंड्यांचा विचार केलेला नसतो. फवाऱ्यातून वाचलेली अंडी चार-सहा दिवसांत फुटतात. पिवळा चिकट सापळा पांढऱ्या माशीसाठी आणि निळा फुलकिड्यांसाठी, दोन्ही झाडाच्या उंचीला टांगा.

कोळ्यावर नुसतं कडुनिंब अपुरं पडतं. त्याला पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारावं. मात्र पारा ३५ वर असताना गंधक नको, आणि तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे नको. दोन्ही वेळा झाड भाजतं. फवारलेल्या झाडाच्या मिरच्या पाकिटावर सांगितलेले दिवस जाऊ देऊन, धुऊनच वापरा.

विषाणूवर औषध नाही. झाड उपटा, पिशवीत भरून कचऱ्यात द्या, कंपोस्टात टाकू नका. चांगलं वाढलेलं झाड उपटायला हात धजावत नाही हे खरं, पण ते ठेवलं तर पांढरी माशी ओळीनं पुढच्या कुंड्यांवर जाते.

मावा, पिठ्या ढेकूण दिसले तर ओल्या कापसानं पुसा आणि मुंग्यांची रांग तोडा. मुंग्याच माव्याची राखण करतात.

तोडणी

लावणीपासून दोन-अडीच महिन्यांत पहिल्या हिरव्या मिरच्या हाती येतात. देठासकट, कात्रीनं तोडा; ओढून तोडताना कोवळी फांदी फाटते. हिरव्या मिरच्या आठवड्याला तोडत राहिलात तर झाड फुलत राहतं. लाल होण्यासाठी सगळ्याच ठेवल्या तर नवीन फुलं कमी येतात, कारण झाडाचा जोर बी पोसण्याकडे वळतो. घरच्या गरजेला दोन झाडं हिरव्यासाठी आणि एक लालसाठी, अशी वाटणी पुरते. हिरवी मिरची लाल व्हायला आणखी दोन-तीन आठवडे लागतात.

तिखटपणाबद्दल एक समज काढून टाकण्यासारखा आहे. तिखट बियांत नसतं. ज्या पांढऱ्या शिरेला बिया चिकटलेल्या असतात तिच्यात कॅप्सायसिन तयार होतं आणि बियांना ते बाहेरून लागतं. तिखट कमी हवं असेल तर शीर काढा, नुसत्या बिया झटकून उपयोग नाही. फळं भरत असताना पाणी थोडं ताणलं तर बहुतेक जातींत तिखटपणा वाढतो, पण झाड कोमेजेपर्यंत ताणू नका. लाल मिरच्यांवर बुलबुल आणि पोपट टपून असतात. पक्ष्यांना कॅप्सायसिनचा दाह जाणवत नाही, त्यामुळे मिरपुडीचं पाणी शिंपडून त्यांना पळवण्याचा उपाय व्यर्थ आहे. जाळी लावा, नाहीतर एक झाड त्यांच्या नावे सोडा.

मिरची एका हंगामाची नाही. चांगली जपली तर दोन-तीन वर्षं चालते. बहर ओसरला की, शक्यतो पावसाळ्याच्या तोंडावर किंवा थंडी संपताना, झाड एकतृतीयांश उंचीवर छाटा, वाळक्या फांद्या काढा, वरची दोन इंच माती बदलून शेणखत घाला आणि नवी पालवी येईपर्यंत पाणी अगदी कमी करा. दुसऱ्या वर्षी ते रोपापेक्षा लवकर फळावर येतं. तिसऱ्या वर्षी मिरच्या आखूड आणि विरळ पडू लागल्या की झाड काढून टाका. त्या मातीत लगेच पुन्हा मिरची, वांगं किंवा टोमॅटो लावू नका, ही सगळी एकाच कुळातली आणि त्यांचे रोगही सारखे. माती चार-पाच दिवस उन्हात पसरून तापवा आणि एक हंगाम तिच्यात मेथी किंवा गवार घ्या.